बास गिटारचं पिकअप घरी बनवताना: वायरच्या नंबरापासून अर्थिंगपर्यंत

गेल्या पावसाळ्यात निपाणीचा एक पोरगा स्वतः बनवलेलं पिकअप, म्हणजे गिटारच्या तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी चुंबकांभोवतीची कॉइल, घेऊन आला. बॉबिन (ज्यावर वायर गुंडाळतात तो सांगाडा) काठोकाठ भरलेलं, गुंडाळणी नेटकी, टेपही सफाईने लावलेला. मीटर लावला तर दीड किलोओहमसुद्धा भरेना. अ‍ॅम्प पूर्ण उघडला तरी आवाज ढोलकीखाली बुडून जात होता. त्याने दुकानात '४२ नंबर वायर' मागितली होती आणि दुकानदाराने ४२ नंबरच दिली होती. चूक दोघांचीही नव्हती, नंबरच दोन वेगळ्या मोजपट्ट्यांचे होते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातली बरीच मुलं आता घरी पिकअप करून बघतात. त्यांची बिघडलेली कामं पाहून माझी खात्री झाली आहे की घोळ गुंडाळताना कमी होतो, आधीच्या तयारीत आणि नंतरच्या जोडणीत जास्त होतो. गुंडाळणं हे अर्ध्या तासाचं काम, तयारीला मात्र दोन दिवस द्या.

इथे मी चार तारांच्या बाससाठी दोन सिंगल कॉइल पिकअप धरले आहेत, म्हणजे जॅझ बासला असतात तसे. प्रत्येकात आठ चुंबक आणि सुमारे ८००० वेढे. लेखात 'वायर' म्हणजे कॉइलची तांब्याची, आणि 'तार' म्हणजे गिटारची.

१. वायर: नंबर नव्हे, जाडी मागा

इंटरनेटवरचे बहुतेक आराखडे अमेरिकन मापात असतात. त्यातली ४२ एडब्ल्यूजी वायर ०.०६३ मि.मी. जाडीची असते. आपल्याकडे एनॅमल वायर एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या नंबराने विकली जाते आणि त्यातली ४२ नंबर तब्बल ०.१ मि.मी. असते. तिचे ८००० वेढे बॉबिनमध्ये बसतच नाहीत. चार हजारांतच बॉबिन भरतं आणि निपाणीच्या पोराचं झालं तसं होतं.

आपल्याला हवी ती ४६ एसडब्ल्यूजी, जाडी ०.०६१ मि.मी. दुकानात नंबर आणि जाडी दोन्ही सांगा. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या रिवायंडिंगवाल्याकडे ही सहसा मिळत नाही, त्याचं काम कितीतरी जाड वायरचं. पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, यांपैकी जिकडे जाणं होईल तिकडे चौकशी करा. एका पिकअपला सव्वा किलोमीटरच्या आसपास वायर लागते. ऐकायला खूप वाटते, पण वजनात ती ३५ ग्रॅमच्या आतबाहेर भरते. १०० ग्रॅमच्या रिळात दोन पिकअप आरामात होतात आणि एखादी चूकही भागते.

'सोल्डरेबल', म्हणजे पॉलियुरेथेन एनॅमलची आहे का, हेही विचारा. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं, ३८० अंशांच्या आसपास असलं की हे एनॅमल आपोआप जळतं. दुसरं एनॅमल खरवडून काढावं लागतं, आणि केसाएवढी वायर खरवडताना हमखास तुटते.

तपासणी: मायक्रोमीटर नसला तरी अडत नाही. रिळावरून बरोबर १ मीटर वायर कापा, टोकांचं एनॅमल काढा, मल्टिमीटरवर ओहम मोजा. दोन्ही पिना एकमेकींना लावल्यावर जो आकडा दिसतो तो वजा करा. ४६ एसडब्ल्यूजीला ५.९ ओहमच्या आसपास येतं, ४२ एडब्ल्यूजीला ५.४. आकडा २.१ आला तर तुमच्या हातात ४२ एसडब्ल्यूजी आहे. रीळ परत करा.

२. चुंबक: वरचं टोक कोणतं, हे आधी ठरवा

अल्निको-५ चे दंडगोल चुंबक मिळाले तर उत्तम. ४.८ मि.मी. व्यास आणि १७ मि.मी. लांबी चालते. प्रत्येक तारेला दोन, म्हणजे एका पिकअपला आठ. तार दोन चुंबकांच्या मधून जाते, थेट डोक्यावरून नाही.

अल्निको मिळालं नाही तर माइल्ड स्टीलचे ५ मि.मी.चे तुकडे आणि त्यांच्या पोटाशी चिकटवलेली फेराइटची पट्टी, हा दुसरा चांगला मार्ग. बेळगावच्या उद्यमबागेत कोणत्याही लेथवर सळईचे तुकडे एकसारखे कापून, कडा मारून मिळतात. 'स्टेनलेस' मात्र मागू नका. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरतच नाही, त्याचे खांब दिसायला सुंदर आणि कामाला शून्य. सळई घ्यायच्या आधी तिला चुंबक लावून बघा.

निओडिमियम टाळा. ते फार जोरदार असतं, जाड तारांना ओढून धरतं आणि सूर डळमळतो. अल्निकोचे चुंबक त्याच्या शेजारी ठेवूही नका, त्यांची शक्ती कमी होते.

पहिल्या पिकअपचे आठही चुंबक उत्तर टोक वर करून बसवायचे, दुसऱ्याचे आठही दक्षिण टोक वर करून. दोन्ही पिकअपचे आवाज एकदम उघडल्यावर विजेची गुणगुण कापली जावी यासाठी ही उलटापालट आहे. तिचा दुसरा अर्धा भाग आठव्या टप्प्यात येईल.

तपासणी: होकायंत्राच्या सुईचं उत्तरेचं टोक ज्या बाजूकडे ओढलं जातं ती चुंबकाची दक्षिण. प्रत्येक चुंबक स्वतंत्र तपासा आणि वरच्या टोकाला मार्करने ठिपका द्या. आठातला एक उलटा बसला तर त्या तारेचा आवाज खंगतो, आणि कॉइल गुंडाळून झाल्यावर तो काढता येत नाही.

३. बॉबिन: आधी भोकं, मग आकार

वरची आणि खालची पट्टी २ ते २.५ मि.मी. जाडीच्या हायलम (बेकलाइटसारखं कडक, वीजरोधक) शीटची करा. रिवायंडिंगच्या दुकानातलं जाड प्रेसपानही (वीजरोधक पुठ्ठा) चालतं, पण पावसाळ्यात ते ओल धरतं आणि वाकतं. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला राहत असाल तर हायलमच घ्या.

मापं माझी घेऊ नका, तुमच्या बासवरून घ्या. ब्रिजजवळ तारा जास्त फाकलेल्या असतात आणि मानेकडे येताना जवळ येतात. त्यामुळे दोन्ही पिकअपची मापं वेगळी निघतात. पिकअप जिथे बसणार त्याच जागी तारांवर कागदाची पट्टी ठेवून चारही तारांच्या खुणा करा, आणि प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक भोक. दोन भोकांच्या मध्यांत ८-९ मि.मी. पुरतात. पट्टीची लांबी-रुंदी बासमधल्या खाचेवरून आणि कव्हरच्या आतल्या मापावरून ठरवा.

क्रम असा:
- दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळा आणि एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडली तर चुंबक तिरके बसतात.
- भोकं झाल्यावरच बाहेरचा आकार कापा. अरुंद पट्टीत ड्रिल मारलं की हायलम चिरतं.
- खालच्या पट्टीत १ मि.मी.ची दोन भोकं पाडून रेझिस्टरचे कापलेले पाय त्यांत पक्के बसवा. हीच तुमची टर्मिनलं.
- चुंबक ठोकू नका, दाबून बसवा. दोन पट्ट्यांमध्ये १० ते ११ मि.मी. जागा राहिली पाहिजे. मुळाशी फेविक्विकचा थेंब द्या.
- पट्ट्यांच्या आतल्या कडा बारीक सँडपेपरने गोल करा आणि नख फिरवून बघा. नखाला जे लागतं ते वायर कापतं.

शेवटी चुंबकांच्या रांगेभोवती पातळ टेपचा एक वेढा द्या. अल्निको आणि स्टील दोन्ही वीजवाहक आहेत. एनॅमल एका जागी खरवडलं गेलं तरी कॉइल चुंबकाला चिकटते, आणि मग वाजवताना बोट चुंबकाला लागलं की घर्र आवाज येतो.

४. मशीन आणि मोजणी

शिलाई मशिनची मोटार पायाच्या कंट्रोलसह मिळाली तर आणखी काही नको. तिच्या दांड्यावर लाकडी चकती आणि चकतीवर दुतर्फी टेपने बॉबिन.

मोजणीसाठी जुना कॅल्क्युलेटर उघडा. बरोबरच्या चिन्हाचं बटण ज्या दोन पट्ट्यांना जोडतं, त्यांना रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) दोन वायरी सोल्डर करा. चकतीवर एक छोटा चुंबक चिकटवा, आणि समोरच्या बाजूला तेवढंच वजन, नाहीतर चकती थरथरते. १ + १ दाबून सुरुवात केली की प्रत्येक फेरीला आकडा एकने वाढतो. कॅल्क्युलेटर बॅटरीवरचा घ्या, सोलरवरचा नको. संध्याकाळी ५२०० वेढ्यांवर वीज गेली, खोलीत अंधार झाला आणि माझ्या कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसला गेला. ती कॉइल मी अंदाजाने पुरी केली आणि ती आजही जोडीदाराशी जुळत नाही.

तपासणी: वायर न लावता मशीन चालवा. चकतीला खूण करून १०० फेऱ्या डोळ्यांनी मोजा आणि आकड्याशी पडताळा. स्वस्त कॅल्क्युलेटर जलद गतीला फेऱ्या चुकवतात, म्हणून मिनिटाला ३००-३५० फेऱ्यांच्या वर जाऊ नका.

रीळ मशीनखाली जमिनीवर उभं ठेवा आणि वायर त्याच्या वरच्या कडेवरून सुटू द्या. रीळ फिरतं ठेवलं तर मशीन थांबल्यावरही ते फिरत राहतं, वायर सैल पडते, गाठ बसते आणि पुढच्या झटक्याला तुटते. पंखा बंद, खिडकी बंद, हात धुऊन कोरडे. घामाचं मीठ या वायरचं वैरी आहे, वर्षा-दोन वर्षांनी हिरवा डाग पडून कॉइल मरते.

५. गुंडाळणी

आधी सुरुवातीचं टोक. एका टर्मिनलला चार-पाच वेढे देऊन लगेच सोल्डर करा, मग वायर चुंबकांच्या मुळाशी आणा आणि तेवढ्या भागावर टेपचा छोटा तुकडा चिकटवा. मेलेल्या कॉइल उघडून बघतो तेव्हा अर्ध्याहून अधिक इथेच तुटलेल्या असतात. हे टोक सगळ्यात आत गाडलं जातं आणि वरचे हजारो वेढे त्याच्यावर घासत राहतात. तिथे तुटलं तर दुरुस्ती नाही, सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

ही वायर साधारण ६०-७० ग्रॅमच्या ओढीला तुटते. आपल्याला २५-३० ग्रॅमचा ताण हवा. नमद्याच्या दोन तुकड्यांतून वायर ओवून घ्या आणि खाली लोंबत्या टोकाला कागदाच्या पुडीत पाच रुपयांची जुनी, जाड तीन नाणी टांगा. एक नाणं ९ ग्रॅमचं असतं. पुडी हळूहळू खाली सरकली की नमद्याची पकड बरोबर आहे. सरकलीच नाही तर पकड घट्ट, धपकन पडली तर सैल.

मी बेळगावच्या वडगावात राहतो. शेजारच्या मावशी कित्येक वर्षं मागवाल्यांसाठी रहाटावर कांड्या भरतात. माझी तिसऱ्यांदा तुटलेली वायर बघून त्या जवळ आल्या, माझी बोटं उघडून त्यांनी नमदा दोन बोटांच्या पेरांवर ठेवला आणि म्हणाल्या, "धरायलास कशाला? वडू नको, जाऊ दे की. बोटाला नुसतं कळलं पायजे, धागा जातोय म्हणून." त्यानंतर त्या दिवशी वायर तुटली नाही. मी तोवर वायर पकडत होतो. वायर मशीन ओढतं, बोटांनी तिला फक्त वाट दाखवायची.

पहिले २०० वेढे अगदी सावकाश द्या. मग हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या चालीने फिरवत राहा. मध्येच रेंगाळलात तर पोट फुगतं, टोकाशी रेंगाळलात तर वायर पट्टीच्या आणि वेढ्यांच्या फटीत शिरते. कांडीसारखी तंतोतंत ओळ लागायलाच हवी असं नाही, थोडी विखुरलेली कॉइल छान वाजते.

वायर तुटली तर घाबरू नका. दोन्ही टोकांचं एनॅमल जाळा, पिळा, सोल्डरचा ठिपका द्या, टेपच्या कपट्यात झाका आणि पुढे चला. एका कॉइलमध्ये असे दोन जोड चालतात. तिसरा आला तर थांबा आणि ताण पुन्हा तपासा.

सावधान: जागा उरली म्हणून वेढे वाढवू नका. बारा हजारांनी आवाज मोठा होतो, पण वरची धार जाते आणि बास घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो.

६. मीटर काय सांगतो

शेवटचं टोक दुसऱ्या टर्मिनलला सोल्डर करा. टर्मिनलांवर 'आ' आणि 'शे' असं आरंभ-शेवट लिहा. मल्टिमीटर २० के रेंजवर ठेवा आणि दोन्ही पिनांना एकदम बोटं लावू नका, अंगाचा रोध आकड्यात मिसळतो.

माझ्या मापाच्या बॉबिनवर ४६ एसडब्ल्यूजीचे ८००० वेढे साधारण ७.२ किलोओहम देतात. तुमचा आकडा पाच-सात टक्के इकडेतिकडे असला तर काळजी नको. मीटर उघडं सर्किट दाखवत असेल तर आधी दोन्ही टर्मिनलांचं सोल्डर पुन्हा तापवा, बहुतेकदा एनॅमल पुरतं जळालेलं नसतं.

मग एक पिन टर्मिनलवर आणि दुसरी एकेका चुंबकावर लावा. कुठेही जोड दिसता कामा नये.

तापमान विसरू नका. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीच्या सकाळी केलेली कॉइल आणि एप्रिलच्या दुपारी केलेली कॉइल यांची तुलना करून वेढे कमीजास्त करत बसलेले लोक मी पाहिले आहेत. दोन्ही एकाच खोलीत तासभर ठेवा, मग मोजा.

आता टर्मिनलांना जाड, लवचिक वायरी जोडा आणि कॉइलभोवती कापडी टेप हलक्या हाताने गुंडाळा.

७. मेण

मेण न भरलेली कॉइल मोठ्या आवाजात शिट्टी मारते, कारण सैल वेढे थरथरतात. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण घ्या. नुसतं पॅराफिन ठिसूळ राहतं.

मेणाचा डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, थेट आचेवर कधीही नाही. गॅसपेक्षा विजेची शेगडी बरी. थर्मामीटरवर ६५ अंश झाले की पिकअप दोऱ्याने आत सोडा. बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत, म्हणजे १५-२० मिनिटं ठेवा. ७० च्या वर जाऊ देऊ नका. प्लॅस्टिकचं कव्हर या कामात नको, ते वाकतं.

सावधान: मेण पेटलं तर पाणी टाकायचं नाही, भडका उडतो. झाकण टाकून शेगडी बंद करायची. झाकण आधीच हाताशी ठेवा. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती शाळेत असताना करा.

बाहेर काढल्यावर लगेच मोजाल तर आकडा पंधरा-सतरा टक्के चढा दिसेल. तो उष्णतेमुळे. रात्रभर थंड होऊ द्या आणि मग मोजा.

८. दुसरं पिकअप आणि जोडीची परीक्षा

चुंबक उलटे बसवले, आता कॉइलही उलटी हवी. त्याचे दोन मार्ग आहेत: मशीन उलट्या दिशेने फिरवा, किंवा दिशा तीच ठेवून जोडताना आरंभ-शेवट यांची अदलाबदल करा. विजेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मी मशीनच उलटं फिरवतो, कारण मग दोन्ही पिकअपांत बाहेरचे वेढे, म्हणजे 'शे' टोक, ग्राउंडकडे (अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडल्या जाणाऱ्या बाजूकडे) राहतात आणि गुणगुण थोडी कमी पकडली जाते.

तपासणी: काट्याचा जुना मल्टिमीटर सगळ्यात छोट्या डीसी रेंजवर ठेवा. पिकअपच्या ग्राउंडच्या वायरीला काळी पिन, दुसरीला लाल. चुंबकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवा, तो टेकताच काटा एका बाजूला किंचित उडतो. दुसऱ्या पिकअपला असंच करा. काटा दोन्ही वेळा एकाच बाजूला उडाला पाहिजे. विरुद्ध उडाला तर एका पिकअपच्या वायरी बदला. हे न बघता बसवलं तर दोन्ही उघडल्यावर बासचा खर्ज गायब होतो आणि माणूस महिनाभर अ‍ॅम्पला दोष देत बसतो.

कव्हर घालण्याआधी पिकअपच्या पोटाला वायर, वेढे, रोध आणि वरचा ध्रुव लिहून ठेवा.

९. बासमधलं वायरिंग

तीन पॉट (फिरवायच्या बटणाखालचे बदलते रोध) लागतात, दोन व्हॉल्यूमचे आणि एक टोनचा, प्रत्येकी २५० के. नाही मिळाले तर २२० के चालतात. टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्यावर ४७३ छापलेलं असतं.

पॉटचा कुठला पाय कुठला, हे चित्रावरून ठरवू नका. चित्र पुढून काढलंय की मागून, यातच निम्मे लोक चुकतात. मीटर लावा. दांडा घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवल्यावर मधल्या पायाशी शून्य ओहम दाखवणारा टोकाचा पाय तो 'उघडा', उरलेला 'बंद'.

- व्हॉल्यूम: पिकअपची सिग्नल वायर मधल्या पायावर, 'उघडा' पाय आउटपुटकडे, 'बंद' पाय ग्राउंडला. पिकअप टोकाला आणि आउटपुट मधल्यावर असं उलट केलंत तर एक व्हॉल्यूम शून्य केल्यावर दोन्ही पिकअप बंद पडतात.
- टोन: दोन्ही 'उघडे' पाय एकत्र करून टोन पॉटच्या 'बंद' पायावर. टोनच्या मधल्या पायावरून कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला.
- जॅक: आउटपुट टिपच्या (प्लगच्या टोकाच्या) पानावर, ग्राउंड बाहीच्या (स्लीव्हच्या) पानावर.
- ब्रिजखालून एक वायर ग्राउंडला. ही राहून गेली तर तारांना हात लावल्यावरही गुणगुण थांबत नाही.

खाचांना आतून तांब्याची टेप लावा आणि तीही ग्राउंडला जोडा. पॉटच्या पाठीवर सोल्डर करायचं असेल तर पाठ आधी सँडपेपरने घासा. २५ वॉटचं आयर्न तिथे पुरत नाही, पाठ तापेपर्यंत आतला कार्बन भाजतो. ४० ते ६० वॉटचं घ्या आणि तीन सेकंदांत काम उरका.

एकच पिकअप उघडल्यावर गुणगुण येईल. तो बिघाड नाही, सिंगल कॉइल तशीच असते. दोन्ही पूर्ण उघडल्यावर ती बसली पाहिजे.

१०. तारांना हात लावण्याआधी

ब्रिज ग्राउंडला जोडला म्हणजे तुमच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडल्या गेल्या. अ‍ॅम्पला अर्थिंग नसेल आणि आत बिघाड झाला तर वीज तारांवर येते. जुन्या घरांतली तीन पिनांची सॉकेटं बऱ्याचदा नावापुरतीच असतात, आणि गणपतीच्या मांडवात तर लांबच्या लांब ओढलेल्या दोन वायरींवर अख्खं स्टेज चालतं. अर्थची पिन कापून अ‍ॅम्प लावणाऱ्याला थांबवा.

बास अ‍ॅम्पला जोडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक पिन तारेवर आणि दुसरी माइकच्या जाळीवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. दहा-वीस व्होल्टच्या वर दिसला तर वाजवायचं नाही. बोर्ड बदला, इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि कार्यक्रमाला अर्धा तास उशीर झाला तरी होऊ द्या.

आकडा ठीक असेल तर पिकअपची उंची लावा. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि तारेच्या तळापासून चुंबकाच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली ३ मि.मी., पातळ तारेखाली अडीच. चारही तारा एकेक करून सारख्या जोराने वाजवा, जी मागे पडते तिच्या बाजूचा स्क्रू पाव फेरीने उचला, आणि पुन्हा ऐका.